कॉमन ॲपचा एसे: मुलं आणि पालक हमखास विचारतात ते प्रश्न

जून लागला की हे प्रश्न यायला लागतात. बहुतेक बारावीत गेलेल्या मुलामुलींचे, काही आईवडिलांचे, आणि दोन-चार अशा मावशी-काकांचे, ज्यांचा अमेरिकेतल्या कॉलेजांच्या त्या अर्जाशी तसा काही संबंध नसतो. मी ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवत होते. आता निवृत्तीनंतर परदेशी जाऊ पाहणाऱ्या मुलांचे एसे वाचून देते. मुलांना मी 'तू' म्हणते आणि पालकांना 'तुम्ही'. खाली तसंच ठेवलं आहे. आणखी एक, मी 'निबंध' आणि 'एसे' हे दोन शब्द मुद्दाम वेगळे वापरते. शाळेत लिहिला तो निबंध, अर्जात लिहायचा तो एसे. का, ते पुढे येईल.

एसे म्हणजे नेमकं काय लिहून द्यायचं असतं?

अमेरिकेत पदवीच्या पहिल्या वर्षाला प्रवेश हवा असेल, तर प्रत्येक कॉलेजचा वेगळा अर्ज भरत बसायला नको म्हणून 'कॉमन ॲप्लिकेशन' म्हणजेच कॉमन ॲप ही सोय आहे. १९७५ साली १५ कॉलेजांनी मिळून ती सुरू केली. आज हजाराहून जास्त कॉलेजं तिच्यावर आहेत. दर वर्षी १ ऑगस्टला नव्या वर्षाचा अर्ज उघडतो. त्यात स्वतःविषयी एक लेख असतो, कमीत कमी २५० आणि जास्तीत जास्त ६५० शब्दांचा. तो एकदाच लिहायचा आणि जिथे जिथे अर्ज करशील तिथे तोच जातो. (एका अर्जात वीसपर्यंत कॉलेजं घालता येतात. तेवढी घालू नकोस.) काही कॉलेजं हा एसे मागतही नाहीत, पण जिथे प्रवेश अवघड आहे तिथे तो बहुधा असतोच.

सगळेच या छत्राखाली नाहीत. एमआयटीचा स्वतःचा अर्ज आहे आणि त्यात एका मोठ्या एसेऐवजी अनेक छोटे प्रश्न असतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाचंही वेगळं आहे; त्याबद्दल खाली.

मुलाला दहावीला ९६ टक्के आहेत, ऑलिम्पियाडची सर्टिफिकेटं आहेत. मग या एसेचं एवढं काय?

आधी गुणच बघतात. नववी ते बारावीची गुणपत्रकं, घेतलेले विषय, शिक्षकांची पत्रं आणि मागितली असेल तर एसएटी ही अमेरिकेतली प्रवेशासाठीची परीक्षा, हे सगळं एसेच्या आधी येतं. गुण बेताचे असतील तर कितीही सुंदर एसे त्यांची भरपाई करत नाही. असं कुणी सांगत असेल तर तो तुम्हाला काहीतरी विकतो आहे.

पण नावाजलेल्या कॉलेजांच्या टेबलावर ९६ टक्केवाल्यांचीच चळत असते. त्या चळतीतून कुणाला घ्यायचं हे ठरवताना वाचणारा माणूस साधा विचार करतो: हा मुलगा आमच्या होस्टेलात राहायला आला, वर्गात पाचजणांच्या गटात बसला, तर कसा वाटेल? गुणपत्रकात याचं उत्तर नसतं. सर्टिफिकेटांची यादी अर्जात दुसरीकडे असतेच, दहा उपक्रमांसाठी दहा रकाने. तीच यादी एसेमध्ये पुन्हा वाचायला लावली तर तो वाचतो आणि पुढची फाइल उघडतो.

सात विषयांपैकी कुठला घ्यावा?

कुठलाही. खरंच. एसेसाठी सात प्रॉम्प्ट, म्हणजे सुचवलेले विषय, असतात: तुझी पार्श्वभूमी किंवा आवड, एखादी अडचण किंवा अपयश, एखाद्या समजुतीला प्रश्न विचारलास तो प्रसंग, कुणाबद्दल वाटलेली कृतज्ञता, ज्याने स्वतःची नव्याने ओळख झाली असा प्रसंग, वेळेचं भान हरपायला लावणारी कल्पना, आणि सातवा, मनाला येईल तो विषय. सातवा आहे म्हटल्यावर बाकीचे सहा ही नुसती आठवण करून देणारी यादी झाली. आधी लिही, मग ते कुठल्या प्रॉम्प्टखाली बसतं ते बघ.

माझ्या आयुष्यात सांगण्यासारखं काही घडलेलंच नाही. काय लिहू?

हा प्रश्न विचारणाऱ्यांचेच एसे पुढे चांगले उतरतात, असा माझा अनुभव आहे. ज्यांच्याकडे विषय तयार असतो ते तो लिहून मोकळे होतात. 'काहीच नाही' म्हणणाऱ्याला शोधावं लागतं, आणि शोधताना काहीतरी खरं हाती लागतं.

आठ दिवस एक वही जवळ ठेव. रोज यातल्या एका प्रश्नाचं उत्तर लिही, नीटनेटकं नको. घरात कशावरून तुझी चेष्टा होते? कुठलं काम कुणी न सांगता तुझ्या हातून होतं? रात्री अकरानंतर मोबाइलवर काय शोधलं जातं? गेल्या वर्षभरात कशाबद्दलचं मत बदललं, आणि ते कबूल करायची लाज वाटली? घरातली कुठली वस्तू फक्त तुलाच दुरुस्त करता येते? कुणाशी बोलताना तुझा आवाज बदलतो?

चेष्टेचा प्रश्न मला सगळ्यात आवडतो. घरचे ज्यावरून हसतात ती गोष्ट बहुधा तुझी स्वतःची असते, कुणी शिकवलेली नसते. समजा, प्रवासात तू रस्त्यावरच्या पाट्या मोठ्याने वाचत बसतेस म्हणून भाऊ हसतो. वाचता वाचता तुझ्या लक्षात आलं की गावं जोडीने येतात, अमुक बुद्रुक आणि अमुक खुर्द. बुद्रुक म्हणजे थोरलं, खुर्द म्हणजे धाकटं, दोन्ही शब्द फारसीतून आलेले. आणि मग एखादं खुर्द दिसलं जे आता बुद्रुकापेक्षा मोठं झालंय, तिथे मॉल आला आहे, आणि पाटीवर अजून 'खुर्द'च. नाव खोटं कधी ठरतं? ठरल्यावर बदलायचं का? यात ट्रॉफी नाही, दुःख नाही, परदेशवारी नाही. पण एक डोकं कसं चालतं ते दिसतं. वाचणाऱ्याला तेच हवं असतं.

मला शाळेत निबंधाला कायम सगळ्यांत जास्त गुण मिळायचे. तरी तुम्ही माझा ड्राफ्ट परत केलात!

म्हणूनच परत केला.

दहावीच्या कुमारभारतीत प्रसंगलेखन, आत्मकथन आणि वैचारिक लेखन असतं. आत्मकथन म्हणजे आपण काय लिहिलं? नदीचं मनोगत, फाटक्या पुस्तकाचं आत्मवृत्त, वृद्धाश्रमातल्या आजोबांची कहाणी. बारा वर्षांत आपल्याकडे मुलांकडून छत्रीचंही आत्मवृत्त लिहून घेतात, पण स्वतःचं लिही असं कुणी म्हणत नाही. त्यामुळे अठराव्या वर्षी 'स्वतःबद्दल ६५० शब्द लिही' म्हटलं की हात त्याच वळणावर जातो. सुरुवातीला सुविचार, मग 'आजच्या धावपळीच्या युगात', मधे तीन मुद्दे, शेवटी तात्पर्य. पेपर तपासणाऱ्याला तेच हवं असायचं, कारण त्याला त्याच विषयावरच्या शंभर उत्तरांना एकाच मापाने गुण द्यायचे असायचे. कॉलेजच्या वाचणाऱ्याची गरज बरोबर उलटी आहे. दुसऱ्या कुणाचंही नाव वर टाकलं तरी जो चालेल, तो एसे त्याच्या कामाचा नाही.

एक गोष्ट मात्र शाळेची उपयोगी पडते, ती म्हणजे प्रसंगलेखन. एक जागा, एक वेळ, कोण काय बोललं. तिथून सुरुवात कर. पण शाळेत प्रसंग संपला की लेखन संपायचं. इथे प्रसंगानंतर तुझ्या डोक्यात काय सुरू झालं ते यायला हवं. ६५० शब्दांतले दीडशे-दोनशे प्रसंगाला पुरेत. बाकी विचाराला.

एखादं उदाहरण द्या ना.

हे उदाहरण मी बनवलेलं आहे, उचलू नकोस. एसे इंग्रजीतच लिहायचा असतो; इथे मराठीत दाखवते. मुलाची आई कॉलेजच्या मुलांसाठी खानावळ चालवते, आणि त्याला डेटा सायन्स शिकायचं आहे. पहिला ड्राफ्ट असा येतो:

"कष्टाला पर्याय नाही, हे मी माझ्या आईकडून शिकलो. माझी आई गेली बारा वर्षे खानावळ चालवते. तिच्या अपार कष्टांमुळेच मला गणिताची आणि व्यवस्थापनाची गोडी लागली. भविष्यात उच्च शिक्षण घेऊन समाजाची सेवा करण्याचे माझे स्वप्न आहे."

सगळं खरं असेलही, पण दिसत काहीच नाही. मग आम्ही बसतो, आणि मी विचारत राहते: पोळ्या किती लागतात? कोण मोजतं? कधी चुकलंय का? तासाभराने हे निघतं:

"आमच्या खानावळीत सोमवारी १४० पोळ्या लागतात आणि शनिवारी ९०. आईला हे न मोजता कळतं. मला कळावं म्हणून मी चार महिन्यांचे आकडे वहीत मांडले आणि एक सूत्र काढलं. ऑगस्टपर्यंत ते बरोबर चाललं. मग गणपती आले. अर्धी मुलं गावाला गेली, सूत्राने १३५ सांगितल्या, आणि त्या रात्री आम्ही, शेजारचे आणि कोपऱ्यावरची गाय, सगळ्यांनी पोळ्या खाल्ल्या. आई काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिने भिंतीवरचं कालनिर्णय काढून माझ्या वहीशेजारी ठेवलं."

बघ, 'कष्ट' हा शब्द कुठेही नाही, तरी आई दिसते. मुलाचं गणित दिसतं, त्याचा फाजील आत्मविश्वास दिसतो, आणि तो स्वतःवर हसू शकतो हेही. पुढे तो काय लिहील? कदाचित असं की, कॅलेंडरचा रकाना घातला तरी सूत्र महिनाअखेरीला चुकायचं. तेव्हा पोळ्या जास्त लागायच्या, कारण मुलांचे बाहेर वडापाव खायचे पैसे संपलेले असायचे, आणि हे कुठल्याच रकान्यात नव्हतं, आईच्या डोक्यात होतं. आकड्यांमागे माणसं असतात हे वाक्य आता लिहायची गरजच उरली नाही. मुलं तरी ते लिहितातच. मी खोडते.

सुरुवात धक्कादायक हवी का?

नको. 'धडाम! सगळीकडे अंधार पसरला' छापाच्या सुरुवातींनी मी बेजार आहे. वरचं '१४० पोळ्या' हे वाक्य मोठ्याने ओरडत नाही, पण पुढे वाचावंसं वाटतं. तेवढं पुरतं. कुणा थोर माणसाच्या अवतरणाने तर मुळीच सुरुवात करू नकोस. प्रवेश तुला हवाय, त्याला नको.

वडिलांचं आजारपण, पैशांची ओढाताण असं लिहिलं तर सहानुभूती मिळते म्हणतात. लिहू का?

सहानुभूतीने प्रवेश मिळत नाही. आणि घरातलं दुःख लिहायलाच हवं असंही नाही. ते तुझं आहे, कुणाला दाखवायचं ते तू ठरव.

अर्जात यासाठी वेगळी जागा आहे, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. 'चॅलेंजेस अँड सर्कमस्टन्सेस' असा एक ऐच्छिक प्रश्न आहे, २५० शब्दांचा. आजारपण, घराची पडझड, पूर, शाळा बदलावी लागणं, घरी अभ्यासाला जागा नसणं, जे गुणांवर किंवा उपक्रमांवर परिणाम करून गेलं ते तिथे साध्या वाक्यांत सांगायचं: काय झालं, कधी, त्याने काय अडलं. रडका सूर नको आणि शौर्यही नको. २०१९ च्या महापुरात सांगली-कोल्हापूरकडच्या ज्या घरांत पाणी शिरलं, तिथल्या मुलांना अशी जागा किती उपयोगाची असते ते मला माहीत आहे. याखेरीज 'ॲडिशनल इन्फर्मेशन' नावाचा रकाना असतो. तो पूर्वी ६५० शब्दांचा होता. २०२५-२६ च्या अर्जापासून ३०० चा केला आहे.

मुख्य एसेमध्ये दुःख घ्यायचंच असेल तर एक तपासून बघ. त्या घटनेबद्दल तू आता मित्राशी बोलू शकतेस का, आवाज न कापता? अजून जमत नसेल तर एसेतही ते जमणार नाही. थांब, दुसरं काहीतरी लिही.

मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले. माझं इंग्रजी 'फ्लुएंट' नाही. एसे कच्चा वाटेल का?

या प्रश्नावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते, कारण इथे मुलं उगीच घाबरतात आणि घाबरून चुकतात. इंग्रजी कच्चं आहे असं वाटलं की ती जड शब्दांची भर घालतात. शब्दकोशातून आणलेला शब्द आणि आपला शब्द शेजारी ठेवले की लगेच कळतं, जसं भाड्याचा कोट घातलेला माणूस लग्नात ओळखू येतो.

माझी पद्धत अशी. आधी मराठीत, आणि तेही बोलून. फोनवर रेकॉर्डिंग लावायचं आणि आजीला किंवा मैत्रिणीला ती गोष्ट सांगायची. आजी मधेच 'मग?' म्हणाली की समजायचं, इथे गोष्ट आहे. ती जांभई देते तिथे तू मुद्दे सांगायला लागलेली असतेस. मग ते रेकॉर्डिंग एकदा ऐकायचं, मराठी कागद बाजूला ठेवायचा, आणि तीच गोष्ट इंग्रजीत नव्याने सांगायची. वाक्यागणिक भाषांतर करायचं नाही. त्यात मराठीची लय जाते आणि इंग्रजीची येत नाही. छोटी वाक्यं चालतात. छोट्या वाक्यांचे उत्तम एसे मी वाचले आहेत.

मराठी शब्द ठेवायला हरकत नाही. पोळीला पोळीच म्हण, ओट्याला ओटा. कंसात अर्थ देऊ नकोस, वाक्यातच कळू दे: आई ओट्यासमोर उभी राहून पोळ्या लाटते असं म्हटलं की ओटा म्हणजे काय ते कुणालाही समजतं. पण एका परिच्छेदात सहा मराठी शब्द घातलेस तर ती प्रदर्शनाची मांडणी होते.

काळजी घ्यायची ती आपल्याकडच्या इंग्रजीची. 'नेटिव्ह प्लेस', 'कझिन सिस्टर', 'आउट ऑफ स्टेशन' हे आपल्याला इतकं अंगवळणी पडलंय की ते आपलं आहे हेच विसरतो. 'टेन्थ स्टँडर्ड' ऐवजी 'टेन्थ ग्रेड' लिही. लाख-कोटी त्यांना कळत नाहीत. आणि 'आय पास्ड आउट इन २०२४' असं लिहिलंस तर वाचणाऱ्याला वाटेल, तू २०२४ साली चक्कर येऊन पडलीस.

कुठले विषय अजिबात घेऊ नयेत?

बंदी कशालाच नाही. काही विषय फक्त अवघड आहेत, कारण ते सगळेच घेतात: हरलेली आणि मग जिंकलेली मॅच, दोन दिवस आदिवासी पाड्यावर जाऊन 'त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू' बघून आलेला एसे, लॉकडाउन. पाड्याचा एसे तर मी आता अडवतेच. दोन दिवसांत तिथल्या माणसांनी तुला आयुष्याचा अर्थ शिकवला असं लिहितोस, आणि त्यांच्यातल्या एकाचंही नाव तुला सांगता येत नाही.

आजी-आजोबांवरचे एसे मला मनापासून आवडतात, आणि तीच अडचण आहे. वाचून संपलं की वाटतं, या आजींना प्रवेश द्यावा. आजी ठेव, पण तिच्यासमोर तू काय करतेस, कशावरून तिच्याशी वाद घालतेस, ते जास्त येऊ दे.

एक काउन्सेलर एसे धरून पूर्ण पॅकेज देतो म्हणतो आहे. घ्यावं का?

तुम्ही काय विकत घेताय ते विचारा. कागदपत्रं, कॉलेजांची निवड, तारखांची आठवण, आर्थिक मदतीचे फॉर्म यांत अनुभवी माणसाचा उपयोग होतो. एसेबाबत 'आम्ही प्रश्न विचारू, लिहील तुमची मुलगी' असं म्हणत असतील तर ठीक. 'आम्ही लिहून देऊ' किंवा 'पॉलिश करून देऊ' म्हणाले तर उठून या. अर्ज पाठवताना तुमची मुलगी सही करते की हे काम माझं स्वतःचं आणि खरं आहे. ती सही तिची असते, काउन्सेलरची नाही.

शिवाय ते लिहून देतात ते चांगलंही नसतं. एकाच ठिकाणाहून आलेले दोन मुलांचे ड्राफ्ट एकदा माझ्याकडे एकाच आठवड्यात आले. दोघांच्याही एसेत आजोबांचं जुनं घड्याळ बंद पडलं होतं आणि दोघांनीही ते दुरुस्त करता करता इंजिनिअर व्हायचं ठरवलं होतं.

वडिलांनी रात्री बसून 'थोडं इंग्रजी नीट केलं' हाही त्यातलाच प्रकार, रागावू नका. बेचाळीस वर्षांच्या माणसाची वाक्यं सतरा वर्षांच्या मुलीच्या एसेत ओळखू येतात. 'सिनर्जी' हा शब्द कुठल्याही मुलीने आपण होऊन लिहिलेला मी पाहिला नाही.

आणि चॅटजीपीटी?

एआयने लिहिलेला मजकूर स्वतःचा म्हणून देणं ही कॉमन ॲपच्या नियमांत २०२३ पासून फसवणूक धरली जाते. याशिवाय कॉलेजांचे आपापले नियम असतात, काही कडक, काही सैल. ज्या कॉलेजला अर्ज करशील तिथले वाच. स्पेलिंग तपासायला कुणाची ना नाही.

पण नियम बाजूला ठेवून सांगते. अशा मजकुरात चूक नसते, आणि गणपतीतल्या उरलेल्या पोळ्याही नसतात. त्याला कोपऱ्यावरची गाय माहीत नाही. तू सांगितलीस तर तो ती घालेल, आणि पुढच्याच वाक्यात त्या गाईपासून 'सहजीवनाचं मूल्य' शिकवेल.

६५० शब्द पूर्ण भरायलाच हवेत का? थोडे जास्त झाले तर?

६५१ वा शब्द तो फॉर्म घेतच नाही. पूर्ण भरायला हवेत असं नाही, पण ३०० वर थांबलास तर बहुधा विचार अर्धा राहिला आहे. पहिला ड्राफ्ट हजारापर्यंत जाऊ दे. कापताना आधी पहिला परिच्छेद झाकून वाच. निम्म्या वेळा तो लागतच नाही.

उपक्रमांच्या रकान्यात तर १५० अक्षरंच मिळतात, शब्द नव्हेत. तिथे पूर्ण वाक्यांचा हट्ट सोड.

'आमचंच कॉलेज का?' असं विचारतात, त्याला काय उत्तर द्यायचं?

हे सप्लिमेंटल एसे, प्रत्येक कॉलेजचे वेगळे. मुलं मुख्य एसेवर तीन महिने घालवतात आणि हे तीन रात्रींत उरकतात, तिथे फसतात. 'आपले जागतिक दर्जाचे प्राध्यापक' हे वाक्य कुठल्याही कॉलेजला चालतं, म्हणून कुठेच चालत नाही. एखादा कोर्स, एखादी प्रयोगशाळा, विद्यार्थ्यांचं एखादं मासिक शोध, आणि तू तिथे काय करशील ते सांग.

काही प्रश्न गमतीचे असतात. स्टॅनफर्ड पुढच्या रूममेटला चिठ्ठी लिहायला सांगतं, १०० ते २५० शब्दांत. शिकागो विद्यापीठाने एकदा नुसतं 'एक्स शोधा' एवढंच विचारलं होतं. अशा ठिकाणी फार हुशारी दाखवायला जाऊ नकोस. रूममेटला तू खरोखर काय सांगशील? घोरतोस का? पहाटे अलार्म किती वेळा वाजतो? ते सांग, मग पुढचं सुचतं.

हाच एसे इंग्लंडला चालेल?

नाही. ही चूक फार होते. तिकडचा अर्ज युकास या तिकडच्या एकत्रित अर्जाच्या सोयीमार्फत जातो आणि तिथे तुझ्या आयुष्याची गोष्ट नको असते. तुला निवडलेला विषय किती कळतो आणि का शिकायचा आहे, हे हवं असतं. पूर्वी एकसंध ४,००० अक्षरांचं पर्सनल स्टेटमेंट असायचं. २०२६ च्या प्रवेशापासून त्याचे तीन प्रश्न केले आहेत: हा विषय का, आत्तापर्यंतच्या शिक्षणाने तयारी कशी झाली, आणि शिक्षणाबाहेर काय केलंस. एकूण मर्यादा ४,००० अक्षरांचीच, रिकाम्या जागा धरून, आणि प्रत्येक उत्तर किमान ३५० अक्षरांचं. एकच मजकूर तू निवडलेल्या पाचही पर्यायांना जातो, म्हणून त्यात विद्यापीठाचं नाव घालायचं नाही. ऑक्सफर्ड-केंब्रिजची मुदत ऑक्टोबरच्या मध्यावर संपते. बहुतेक इतर अभ्यासक्रमांची जानेवारीत.

खानावळीची गोष्ट तिथे दोन वाक्यांत येईल, आणि लगेच संख्याशास्त्रातलं काय वाचलं तिकडे वळेल.

कॅलिफोर्नियाचं वेगळं म्हणालात ते?

बर्कली, लॉस एंजलिस, सॅन डिएगो धरून पदवीचे नऊ कॅम्पस, सगळ्यांना मिळून एक अर्ज. आठ प्रश्नांपैकी चार निवडायचे, प्रत्येकी जास्तीत जास्त ३५० शब्द. इथे काव्य नको, थेट उत्तर हवं. एसएटी ते बघतच नाहीत, त्यामुळे या चार उत्तरांवर भार जास्त. मुदत नोव्हेंबरच्या अखेरीला किंवा त्याला लागूनच संपते.

भारतातच राहायचं असेल तर?

इंजिनिअरिंग, मेडिकलला जेईई, सीईटी, नीट. एसेचा प्रश्नच नाही. अशोका किंवा पुण्याजवळची फ्लेम अशा खासगी विद्यापीठांच्या प्रवेशात निबंधवजा लेखन असतं. वर सांगितलेलं बहुतेक तिथेही लागू पडतं, आणि पोळी म्हणजे काय ते समजावावं लागत नाही.

सुरुवात कधी करावी?

बारावीच्या आधीच्या सुट्टीत वही, जुलैत पहिला ड्राफ्ट, गणपतीपर्यंत तिसरा. अर्ली, म्हणजे नेहमीच्या मुदतीआधी करायच्या अर्जांची मुदत बऱ्याच कॉलेजांची १ नोव्हेंबर असते आणि ती कधी कधी आपल्या दिवाळीत येऊन आदळते. २०२४ साली तर १ नोव्हेंबरलाच लक्ष्मीपूजन होतं. घरात फराळ, पाहुणे, बाहेर फटाके, आणि मुलगी आतल्या खोलीत लॅपटॉप घेऊन रडते आहे, असं झालेलं मी पाहिलं आहे. कॉमन ॲपची मुदत तुझ्या इथल्या घड्याळाप्रमाणे रात्री ११:५९ ला संपते. अमेरिकेत अजून दुपार आहे म्हणून थांबू नकोस. नियमित अर्जांची मुदत साधारण १ जानेवारीच्या आसपास असते, म्हणजे बारावीच्या सराव परीक्षांच्या तोंडावर.

आमच्या ज्युनिअर कॉलेजात काउन्सेलर नावाचं कुणी नाही.

बहुतेक ठिकाणी नसतं. कॉलेजतर्फे तुझी कागदपत्रं चढवायचं काउन्सेलरचं काम प्राचार्य किंवा तुला ओळखणारे एखादे शिक्षक करू शकतात. त्यांच्या ईमेलवर दुवा जातो. ऑगस्टमध्येच त्यांना भेट आणि बारावीचं वेळापत्रक, गुणपत्रक कसं चढवायचं ते सोबत बसून दाखव. त्यांनी हे आधी केलेलं नसण्याचीच शक्यता जास्त, आणि ते लाजून विचारणार नाहीत.

एसे किती जणांना दाखवावा?

दोघांना. एक तुला नीट ओळखणारा, त्याने सांगावं की हा तूच आहेस का. दुसरा न ओळखणारा, त्याने वाचून तुझ्याबद्दल तीन गोष्टी सांगाव्यात. त्या तीन गोष्टी तुला मान्य असतील तर झालं. सातजणांना दाखवलास तर सातजण सात वाक्यं बदलतील आणि उरेल ती सोसायटीच्या वार्षिक सभेची टिपणी.

पाठवण्याआधी शेवटचं काय तपासू?

मजकूर चिकटवल्यावर परिच्छेद फुटले नाहीत ना ते प्रीव्ह्यूमध्ये बघ. नाव पासपोर्टवर आहे तसंच आहे ना ते बघ. आपल्याकडे वडिलांचं नाव मधे येतं आणि कुठे येतं कुठे नाही, त्याने नंतर घोटाळे होतात. एका कॉलेजला अर्ज गेल्यावरही पुढच्यांसाठी मुख्य एसे बदलता येतो, म्हणून एखादी चूक सापडली तर जीव टाकू नकोस, पुढच्याला नीट करून पाठव. आणि सप्लिमेंटलमध्ये कॉलेजचं नाव शोध. येलला पाठवायच्या उत्तरात 'ब्राउनचं मोकळं वातावरण' राहून गेलेलं मी मध्यरात्री बारा मिनिटं उरलेली असताना पकडलं आहे.